वाण आणि गुण : जुळ्यांच्या अभ्यासातून माणसाबद्दल काय कळले?

मार्गशीर्षात नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या यात्रेत बैल घ्यायला आलेला शेतकरी आधी जनावराभोवती एक फेरी मारतो. शिंगे पाहतो, खूर पाहतो, जबडा उघडून दात मोजतो. मग मालकाला दोन गोष्टी विचारतो. कोणत्या वळूचं आहे? आणि कुणाच्या दावणीला वाढलंय? कंधार, लोहा, मुखेड या पट्ट्यात लाल कंधारी गोऱ्ह्याचा सौदा या दोन प्रश्नांशिवाय पुढे सरकत नाही. तांबडा रंग आणि बांधा वळूकडून येतो हे सगळ्यांना ठाऊक असते. पण औताला सरळ चालेल का, लेकरू जवळ गेले तर शिंग उगारेल का, याचे उत्तर दावणीवर मिळते. हा अनुभव मराठीने एका म्हणीत बांधून ठेवला आहे : ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला.

माणसांबद्दलही आपण हेच दोन प्रश्न विचारतो. लेकरू हुशार निघाले तर 'खाण तशी माती', बिघडले तर 'संगत वाईट'. हे बोलणे पारावर संपत नाही. कोणाला शिकवायचे, कोणावर खर्च करायचा, कोणाला जन्मजात कमी समजायचे, हे निर्णय या उत्तरांवर उभे असतात. म्हणून हा प्रश्न नीट तपासण्याची गरज होती आणि त्यासाठी निसर्गानेच एक साधन दिले : जुळी भावंडे. गेली दीडशे वर्षे या साधनाने माणसाचा स्वभाव, बुद्धी, आजार आणि आवडीनिवडी मोजल्या जात आहेत. त्यातून दोन गोष्टी निघाल्या. माणसाच्या जवळजवळ प्रत्येक गुणात बीजाचा वाटा आहे, ही पहिली. तो वाटा किती दिसेल हे रानावर अवलंबून आहे, ही दुसरी. पहिली गोष्ट जगभर गाजली. दुसरी मागे पडली, आणि आपल्या मराठवाड्याला तिचीच जास्त गरज आहे.

एक बीज, दोन बीजे

गरोदर बाईने जोडकेळे खाल्ले तर जुळे होते, ही समजूत आपल्याकडे जुनी आहे. अर्धापूरच्या बागांतून जिल्हाभर केळी जातात आणि त्यांच्यासोबत ही समजूतही जाते. केळ्याचा त्यात काही संबंध नाही. जुळे दोन वाटांनी होते. एका बीजांडाचे एका शुक्राणूशी मीलन झाले आणि तो गर्भ पहिल्या काही दिवसांतच दुभंगला, तर दोन्ही लेकरांची जनुके जवळपास सारखीच असतात. ही एकबीज जुळी. एकाच वेळी दोन बीजांडे तयार झाली आणि दोन वेगळ्या शुक्राणूंशी त्यांचे मीलन झाले, तर ती द्विबीज जुळी. नात्याने ती साध्या सख्ख्या भावंडांसारखीच, फक्त एका दिवशी जन्मलेली. भाऊ-बहीण असे जुळे द्विबीजच असते.

एकबीज जुळ्यांचे प्रमाण जगात सगळीकडे सारखेच, हजार बाळंतपणांत साधारण चार. द्विबीज जुळ्यांचे प्रमाण मात्र प्रदेशागणिक बदलते. नायजेरियातील योरुबा लोकांत ते फार जास्त आहे, दक्षिण आशियात कमी. दोन्ही मिळून जगात हजारी सुमारे १२ बाळंतपणे जुळ्यांची होतात, म्हणजे वर्षाला अंदाजे १६ लाख जोड्या जन्मतात. उशिरा होणारे मातृत्व आणि वंध्यत्वावरचे उपचार यांमुळे गेल्या चाळीस वर्षांत हा आकडा वाढला. केरळात मलप्पुरम जिल्ह्यातील कोडिन्ही हे गाव शेकडो जुळ्यांमुळे प्रसिद्ध आहे. संशोधकांनी तिथल्या लोकांचे नमुने तपासले, पण कारणाचा पक्का उलगडा झालेला नाही.

जनावरे पाळणाऱ्यांना जुळ्यांची आणखी एक गोष्ट माहीत असते. गाईला गोऱ्हा आणि कालवड असे जुळे झाले, तर ती कालवड पुढे बहुधा गाभण राहत नाही. गाईच्या पोटात दोन्ही वासरांच्या वारेतील रक्तवाहिन्या जोडल्या जातात. गोऱ्ह्याकडची संप्रेरके कालवडीच्या रक्तात उतरतात आणि तिची जननेंद्रिये नीट घडत नाहीत. अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ फ्रँक लिली यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात याचा उलगडा केला. बाईच्या पोटातल्या भाऊ-बहीण जुळ्यांत तसे होत नाही, कारण त्यांच्या वारेतील रक्त सहसा मिसळत नाही. पण या गोठ्यातल्या उदाहरणात एक मोठी शिकवण आहे. पोट हेच पहिले घर, आणि वाढवणूक तिथूनच सुरू होते.

तुलनेची रीत

चार्ल्स डार्विनचे नातेवाईक फ्रान्सिस गाल्टन यांनी १८७५ मध्ये जुळ्यांवर लेख लिहिला. जुळ्यांच्या घरी पत्रे पाठवून त्यांनी माहिती जमवली होती. लहानपणी सारखी असलेली जुळी मोठेपणी वेगवेगळ्या वाटांनी गेली तरी सारखीच राहतात का, आणि भिन्न असलेली एका घरात वाढून सारखी होतात का, हे त्यांना पाहायचे होते. त्यांनी कौल निसर्गाच्या बाजूने दिला. पण जुळ्यांचे दोन प्रकार जीवशास्त्राने तेव्हा नीट उकललेले नव्हते, त्यामुळे त्यांची तुलना कच्ची होती.

आज वापरली जाणारी रीत १९२४ च्या सुमारास पक्की झाली. जर्मन त्वचारोगतज्ज्ञ हेर्मान सीमेन्स जुळ्यांच्या अंगावरचे तीळ मोजत होते. त्यांचा तर्क असा. एकबीज जुळी एका घरात वाढतात, द्विबीजही एका घरात वाढतात. घर दोन्हीकडे सारखेच, फरक फक्त जनुकांत. मग एखाद्या गुणात एकबीज जोडीतले साम्य द्विबीज जोडीपेक्षा जास्त निघाले, तर तो जास्तीचा भाग जनुकांचा.

आकड्यांत समजा एखाद्या गुणात एकबीज जोड्यांचा सहसंबंध, म्हणजे साम्याचे माप, ०.७५ आणि द्विबीज जोड्यांचा ०.५० आहे. फरक ०.२५. द्विबीज जोडीत सामायिक जनुकांचे प्रमाण निम्मे असल्याने हा फरक दुप्पट करायचा. म्हणजे लोकांमधल्या फरकांचा निम्मा भाग जनुकांतून आला. एकबीज जोडीतले साम्य जनुकांच्या या वाट्याहून जितके जास्त, तेवढा भाग एका घराचा : इथे पाव. आणि एकबीज जुळीसुद्धा जिथे वेगळी पडतात तो उरलेला पाव भाग प्रत्येकाच्या स्वतंत्र अनुभवाचा, योगायोगाचा आणि मोजमापातल्या चुकीचा. बीज, घर आणि ज्याचे त्याचे वेगळे नशीब, अशी ही तीन वाट्यांची वाटणी आहे.

हिशेबाची बेरीज

अशा वाटण्या हजारोंनी झाल्या. टिंका पोल्डरमन आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये ५० वर्षांहून अधिक काळातील २,७४८ शोधनिबंधांची बेरीज मांडली. १७,८०४ गुणलक्षणे, आणि वेगवेगळ्या अभ्यासांतल्या मिळून १ कोटी ४५ लाखांहून अधिक जोड्या. एकच जोडी अनेक अभ्यासांत मोजली गेली असेल हे धरूनही हा पसारा प्रचंड आहे. सगळ्याची सरासरी काढली तेव्हा जनुकांचा वाटा ४९ टक्के निघाला. एका घरात वाढण्याचा वाटा सरासरी १७ टक्के.

उंचीत जनुकांचा वाटा मोठा असेल हे कोणीही सांगितले असते. बुजरेपणा, रागीटपणा, धोका पत्करण्याची सवय, धार्मिक ओढ, व्यसनाकडे कल, शाळेतले गुण, यांतही जनुकांचा हात निघाला, हा धक्का होता. मानसशास्त्रज्ञ एरिक टर्कहाइमर यांनी २००० मध्ये याचे सार तीन नियमांत मांडले. माणसाच्या वागणुकीची सगळी लक्षणे काही ना काही प्रमाणात आनुवंशिक असतात. एका घरात वाढण्याचा परिणाम जनुकांच्या परिणामापेक्षा कमी असतो. आणि फरकांचा बराचसा भाग जनुके किंवा घर यांपैकी कशानेच उलगडत नाही.

बुद्धीच्या चाचण्यांत आणखी एक अनपेक्षित गोष्ट आढळली. चार देशांतील ११,००० जोड्यांच्या २०१० मधील अभ्यासात नवव्या वर्षी जनुकांचा वाटा ४१ टक्के होता, बाराव्या वर्षी ५५ आणि सतराव्या वर्षी ६६. वय वाढते तसा अनुभवाचा थर चढतो आणि बीज झाकले जाते, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात उलटे घडते. लहान लेकराचे जग आईबाप ठरवतात. मोठे झाल्यावर ते आपले मित्र, पुस्तके, खेळ आणि उद्योग स्वतः निवडू लागते, आणि ती निवड त्याच्या मूळ स्वभावाला धरून असते. ज्याला निवडता येते त्याचे बीज उघडे पडते. या वाक्यातल्या पहिल्या तीन शब्दांकडे मी पुन्हा येणार आहे.

दोन घरांत वाढलेले एक रूप

जुळे झाले आणि आईला दोघांचे दूध पुरेना, तर एक लेकरू आजोळी वाढणे किंवा मूल नसलेल्या मावशीच्या ओटीत घालणे आपल्याकडे नवे नाही. संशोधकांसाठी अशी ताटातूट मोलाची असते. जनुके सारखी आणि घर वेगळे.

१९७९ मध्ये अमेरिकेच्या ओहायो राज्यातील दोन भाऊ ३९ व्या वर्षी एकमेकांना भेटले. जिम लुइस आणि जिम स्प्रिंगर. चार आठवड्यांचे असताना ते वेगवेगळ्या घरी दत्तक गेले होते. दोघांच्याही पहिल्या बायकोचे नाव लिंडा, दुसरीचे बेटी, दोघांच्याही लहानपणीच्या कुत्र्याचे नाव टॉय. ही बातमी जगभर गाजली. त्याच वर्षी थॉमस बुशार्ड यांनी मिनेसोटा विद्यापीठात वेगळ्या वाढलेल्या जुळ्यांचा अभ्यास सुरू केला. १९९० पर्यंत १०० हून अधिक जुळ्या-तिळ्यांच्या चाचण्या झाल्या. बुद्धी-चाचणीतल्या फरकांपैकी सुमारे ७० टक्के जनुकांशी जोडलेले दिसले. वेगळ्या वाढलेल्या एकबीज जुळ्यांचा स्वभाव एका घरात वाढलेल्यांइतकाच जुळत होता.

बायकोचे नाव जनुकांत लिहिलेले नसते, हे इथे स्पष्ट सांगायला हवे. एका देशातल्या, एका वयाच्या दोन पुरुषांना शेकडो प्रश्न विचारले की काही योगायोग निघणारच, आणि लक्षात तेच राहतात. या अभ्यासाची ताकद किश्श्यांत नाही, शेकडो मोजमापांच्या सरासरीत आहे. वेगळी घरेही फारशी वेगळी नसत. दत्तक देणाऱ्या संस्था बरी, खाऊनपिऊन सुखी घरे निवडत. एक लेकरू कोयत्याच्या पालावर आणि दुसरे डॉक्टरच्या बंगल्यात, अशी ताटातूट या अभ्यासांत क्वचितच होती.

मनाचे आजार आणि आईवरचा ठपका

जुळ्यांच्या अभ्यासाने सर्वांत मोठे भले कोणाचे केले असेल, तर मनोरुग्णांच्या घरच्यांचे. विसाव्या शतकाच्या मध्यात पाश्चात्त्य मानसोपचारात स्किझोफ्रेनियाचा दोष थंड, तुटक वागणाऱ्या आईवर टाकला जाई. आपल्याकडे त्याला 'बाहेरचं' म्हणत आणि अंगारे-धुपारे चालत. डेन्मार्कमध्ये जुळ्यांची आणि मनोरुग्णांची देशव्यापी नोंद ठेवली जाते. तिच्या आधारे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एकबीज जोडीतल्या एकाला हा आजार असेल तर दुसऱ्याला तो असण्याचे प्रमाण ३३ टक्के निघाले, द्विबीज जोडीत ७ टक्के. म्हणजे आजाराकडे असलेला कल बराचसा जन्मजात आहे. आईच्या वागण्याने तो होत नाही आणि करणीनेही होत नाही.

त्याच आकड्याची दुसरी बाजूही तेवढीच मोलाची. जनुके सारखी असूनही तिघांपैकी दोघे आजारातून सुटले. कल म्हणजे शिक्षा नव्हे. नैराश्याबद्दल तर जनुकांचा वाटा अभ्यासांत साधारण एक तृतीयांशाहून थोडा वर येतो, बाकीचा भार आयुष्याचा असतो. नापिकी, कर्ज आणि अपमान यांनी खचलेल्या माणसाला 'त्याचा स्वभावच तसा' म्हणून सोडून देणे या विज्ञानाला धरून नाही. आपल्या जवळचा पुरावा श्रीलंकेचा आहे. कोलंबो परिसरातील जुळ्यांच्या अभ्यासात नैराश्यामधला जनुकांचा वाटा स्त्रियांमध्ये पुरुषांपेक्षा बराच मोठा दिसला. एकाच देशात, एकाच आजाराबद्दल स्त्री-पुरुषांचा हिशेब वेगळा येत असेल, तर युरोपचा आकडा उचलून बालाघाटच्या डोंगरात लावता येणार नाही.

या ज्ञानावरचे डाग

हे ज्ञान स्वच्छ हातांनी आलेले नाही. ज्या गाल्टननी जुळ्यांकडे लक्ष वेधले त्यांनीच पुढे 'युजेनिक्स', म्हणजे निवडक माणसांची पैदास वाढवण्याचा विचार मांडला. त्याचा शेवट नाझी जर्मनीत झाला. आउश्वित्झच्या छळछावणीत डॉक्टर योझेफ मेंगेलेने १९४३ पासून जुळ्या मुलांवर क्रूर प्रयोग केले, त्यांतली कित्येक मुले मेली. ब्रिटनमध्ये सिरिल बर्ट यांनी वेगळ्या वाढलेल्या जुळ्यांचे आकडे प्रसिद्ध केले. जोड्या २१ वरून ५३ पर्यंत वाढल्या, तरी सहसंबंध तिसऱ्या दशांशापर्यंत ०.७७१ च राहिला. लिऑन कामिन यांनी १९७४ मध्ये हे दाखवून दिल्यावर त्या आकड्यांवरचा विश्वास उडाला. न्यूयॉर्कमध्ये १९६० च्या दशकात एका दत्तक संस्थेच्या साथीने जुळी आणि तिळी मुले मुद्दाम वेगळ्या घरांत दिली गेली. संशोधक त्यांचे निरीक्षण करत राहिले, पण भावंड असल्याचे घरच्यांना कोणी सांगितले नाही. माणसाला माणूस समजणे सुटले की विज्ञानाचे काय होते, याचे हे दाखले.

महाराष्ट्रातही हा वारा आला होता. कादंबरीकार ना. सी. फडके यांनी १९२७ मध्ये युजेनिक्सच्या चळवळीचा पुरस्कार करणारे इंग्रजी पुस्तक लिहिले. जातिव्यवस्था म्हणजे शुद्ध बीज राखण्याची पूर्वजांची योजना, असा युक्तिवादही त्या काळात होत असे. त्याला सर्वांत नेमके उत्तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिले. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी १९३६ मध्ये लिहिलेल्या आणि कधीच न होऊ शकलेल्या त्या प्रसिद्ध भाषणात त्यांनी आनुवंशिकीतज्ज्ञ विल्यम बेटसन यांचा आधार घेतला. उच्च बौद्धिक गुण एखाद्या एकाच घटकातून उतरत नाहीत, ते असंख्य घटकांच्या मेळातून घडतात, हे बेटसन यांचे मत मांडून बाबासाहेबांनी विचारले की आधुनिक शास्त्रज्ञांनाही नसलेले आनुवंशिकतेचे ज्ञान पूर्वजांकडे होते, असे आपण मानायचे का?

आज जनुकांचा थेट शोध घेणाऱ्यांनी नेमके तेच पाहिले आहे. शिक्षण किती होईल याच्याशी जोडलेल्या जनुकीय बदलांचा ३० लाख लोकांमध्ये शोध घेणारा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. हजारो बदल सापडले, प्रत्येकाचा परिणाम कणभर. सगळे एकत्र धरूनही फरकांचा १२ ते १६ टक्के भागच सांगता आला, आणि तोही युरोपीय वंशाच्या लोकांमध्ये. हुशारीचे एक जनुक नाही, मग हुशारांची जात कुठून असेल? बाबासाहेबांचा युक्तिवाद प्रयोगशाळेत खरा ठरायला ऐंशीहून अधिक वर्षे लागली.

आक्षेप

जुळ्यांच्या रीतीवर शास्त्रज्ञांचेच आक्षेप आहेत. एकबीज जुळ्यांना सारखे कपडे घालतात, त्यांना लोक एकमेकांच्या नावाने हाक मारतात, त्यांचे मित्रही एकच असतात. मग त्यांचे घर द्विबीज जुळ्यांइतकेच सारखे कसे मानायचे? याची तपासणी एका चतुर मार्गाने झाली. काही आईबापांना आपली जुळी कोणत्या प्रकारची याचा चुकीचा समज होता. अशा मुलांतले साम्य मुख्यतः खऱ्या प्रकाराप्रमाणे निघाले, आईबापांच्या समजाप्रमाणे नाही. आक्षेप सौम्य झाला, पुरता मिटला नाही. जुळ्यांच्या अभ्यासातला वाटा मोठा आणि जनुके प्रत्यक्ष मोजून मिळालेला वाटा लहान, ही तफावतही अजून पूर्ण उलगडलेली नाही. सर्वांत मोठी उणीव म्हणजे अभ्यासलेल्या बहुतेक जोड्या युरोप, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातल्या आहेत. जिथे जवळजवळ प्रत्येक मूल शाळेत जाते आणि कोणी उपाशी झोपत नाही, त्या समाजाचे हे आकडे.

एक बियाणे, दोन राने

ही उणीव किती मोठी आहे हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. एका पिशवीतली ज्वारी मूठभर घ्या. त्यातले दाणे आपसांत थोडे वेगळे असतात. अर्धी मूठ काळ्या, ओलाव्याच्या रानात पेरा आणि अर्धी मुरमाड माळावर. काळ्या रानातल्या ताटांची उंची कमीजास्त झाली तर तो फरक दाण्यांचा, कारण जमीन सगळ्यांना एकच. माळावरही तसेच. पण काळ्या रानातली ताटे सरासरीने माळावरल्यांपेक्षा दुप्पट झाली, तर तो फरक पूर्णपणे जमिनीचा. रिचर्ड लेवॉन्टिन यांनी १९७० मध्ये मक्याचे बी घेऊन हा दाखला दिला होता. 'जनुकांचा वाटा ५० टक्के' हे विधान एका रानातल्या फरकांबद्दल असते. एका माणसाबद्दल किंवा दोन रानांमधल्या फरकाबद्दल ते काहीच सांगत नाही. तुमच्या लेकराची निम्मी हुशारी तुमची, असा त्याचा अर्थ कधीच होत नाही.

जमीन एकसारखी नसेल तर काय होते, हे टर्कहाइमर यांनी २००३ मध्ये दाखवले. अमेरिकेतील सात वर्षांच्या जुळ्यांत गरीब घरच्या मुलांच्या बुद्धी-चाचणीतल्या फरकांचा सुमारे ६० टक्के भाग घरच्या परिस्थितीचा निघाला आणि जनुकांचा वाटा जवळजवळ शून्य. सुस्थितीतल्या घरांत जवळपास उलटे. भुकेल्या घरात बीज दिसतच नाही, कारण त्याला उगवायला ओल नसते. पुढे २०१६ मध्ये अनेक देशांच्या अभ्यासांची एकत्र तपासणी झाली. अमेरिकेत हा परिणाम टिकला, पण पश्चिम युरोप आणि ऑस्ट्रेलियात दिसला नाही. त्या देशांत गरिबाच्या लेकरालाही दवाखाना आणि चांगली शाळा मिळते, हे याचे संभाव्य कारण सांगितले जाते.

नॉर्वेचा पुरावा याहून बोलका आहे. तिथे दुसऱ्या महायुद्धानंतर शिक्षण सर्वांसाठी खुले होत गेले. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १९४० पूर्वी जन्मलेल्या जुळ्यांचे शिक्षण किती होईल यात घराण्याचा वाटा मोठा होता. १९४० नंतर जन्मलेल्या मुलग्यांत जनुकांचा वाटा ७० टक्क्यांच्या आसपास गेला. माणसे तीच, जनुके तीच, एका पिढीत आकडा बदलला, कारण शाळेचे दार उघडले. मुलींच्या बाबतीत तसा स्पष्ट बदल दिसला नाही. तिथे दार अजून अर्धेच उघडले होते.

कंधारच्या माणसाला यासाठी नॉर्वेला जाण्याची गरज नाही. निजामाच्या राजवटीत मराठवाड्यातल्या खेड्यांत शाळा दुर्मीळ होती. हैदराबाद मुक्तीच्या सुमारास भाई केशवराव धोंडगे यांनी मन्याड खोऱ्यात शिक्षण संस्था उभी केली आणि तिच्या नावातच 'मोफत' हा शब्द घातला. आधीच्या पिढ्यांतही इथे बुद्धी जन्मत होती, तिला ओल मिळत नव्हती. शाळा, वसतिगृह आणि दोन वेळचे जेवण मिळाल्यावर ज्या घरांत कोणी अक्षर गिरवले नव्हते तिथून शिक्षक, डॉक्टर, इंजिनिअर निघाले. बियाणे तेच होते, रान बदलले होते. ज्याला निवडता येते त्याचे बीज उघडे पडते, असे वर म्हटले, ते यासाठी. निवडण्याची सोयच नसेल तर बीजाबद्दल काही बोलण्याचा अधिकार कोणालाही उरत नाही. जनुकांचा वाटा जास्त दिसणे हे एका अर्थी समाजाने संधी समान वाटल्याचे प्रमाणपत्र आहे.

उरलेला वाटा

टर्कहाइमर यांचा तिसरा नियम सर्वांत गूढ आहे. जनुके तीच, घर तेच, तरी दोन माणसे वेगळी. इराणमधल्या लादान आणि लालेह बिजानी या बहिणी डोक्याने जोडलेल्या होत्या. जन्मापासून एक क्षणही त्या वेगळ्या झाल्या नव्हत्या. तरी लादानला वकील व्हायचे होते आणि लालेहला पत्रकार. एकमेकींपासून वेगळे होण्यासाठी त्यांनी जोखीम पत्करली आणि २००३ मध्ये सिंगापूरला शस्त्रक्रियेत वयाच्या २९ व्या वर्षी दोघींचा मृत्यू झाला. स्वतःचे वेगळे आयुष्य असावे ही माणसाची ओढ किती खोल असते, हे त्यांच्याइतके कोणी सांगितले नसेल.

हे वेगळेपण येते कुठून? एकबीज जुळीही पोटात एकाच वारेतून बहुधा असमान वाटा घेतात, म्हणून जन्मतःच वजनात फरक पडतो. आइसलँडच्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये दाखवले की एकबीज जोडीत गर्भाच्या सुरुवातीच्या काळातले सरासरी पाच जनुकीय बदल वेगळे असतात. स्पेनमधल्या २००५ च्या अभ्यासात जनुकांवर चढणाऱ्या रासायनिक खुणा लहान जुळ्यांत सारख्या, तर वयस्कर आणि दूर राहिलेल्या जुळ्यांत बऱ्याच वेगळ्या आढळल्या. बोटांचे ठसेही दोघांचे वेगळेच. त्यात एखादा आजार, एखादा शिक्षक, एखादी मैत्री यांची भर पडते.

ग्रहताऱ्यांना मात्र यात जागा दिसत नाही. काही मिनिटांच्या अंतराने जन्मलेल्या जुळ्यांची पत्रिका जवळपास एकच, आयुष्ये मात्र दोन. पत्रिकेची वेगळ्या रीतीने परीक्षा डॉ. जयंत नारळीकर आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी सहकाऱ्यांसह पुण्यात घेतली. हुशार आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका ओळखायला दिल्या तेव्हा २७ ज्योतिषांची उत्तरे सरासरी ४६ टक्के बरोबर आली. नाणे उडवूनही एवढे जमते. महाभारतकाराने जुळ्या भावांना एकच नशीब दिले नाही. विराटाच्या घरी नकुल घोड्यांच्या पागेत गेला आणि सहदेव गाईंच्या गोठ्यात.

घरातला प्रयोग

या सगळ्यातून हाती घेण्यासारखे काय? ज्यांच्या घरी जुळी आहेत त्यांनी 'तो बघ, आणि तू' ही तुलना सोडावी. दोघांना दोन वह्या, दोन मित्रमंडळे आणि दोन वाढदिवसांइतके लक्ष द्यावे. ज्यांच्या घरी मनाचा आजार आहे त्यांनी स्वतःला दोष देऊ नये आणि उपचार टाळू नयेत. शिक्षकांनी मागे पडलेल्या लेकरात बीज शोधण्याआधी त्याने सकाळी काय खाल्ले हे विचारावे.

आणि आपण सर्वांनी एका प्रयोगाकडे डोळे उघडून पाहावे. तो आपल्या गावांत रोज चालू असतो आणि कोणत्याही विद्यापीठात त्याची नोंद होत नाही. भाऊ-बहीण असे जुळे. एकाच पोटात वाढलेले, एकाच दिवशी बारसे झालेले, एकाच ताटात जेवलेले. दहावीनंतर मुलगा लातूरला क्लास लावतो आणि मुलीसाठी स्थळ पाहिले जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्क्यांचे लग्न अठरा वर्षांआधी झालेले होते. शेजारच्या परभणी जिल्ह्यात हे प्रमाण ४८ टक्के. दहा वर्षांनी तो भाऊ इंजिनिअर असतो, ती बहीण कोयता घेऊन फडात असते, आणि पारावरचे कोणी म्हणते, पोरगा पहिल्यापासूनच हुशार होता.

त्या दोघांच्या बियाण्यात काय फरक होता हे आपल्याला कधीच कळणार नाही, कारण आपण दोघांना एक रान दिलेच नाही. माळेगावचा शेतकरी दोन्ही प्रश्न विचारल्याशिवाय बैलाची किंमत करत नाही. माणसाची किंमत करताना आपण निदान दुसरा प्रश्न तरी विचारू या : हिला दावण कोणती मिळाली होती?